तिरका देठ

मालाच्या हिशेबाची पट्टी बुधवारी मिळायची. संस्थेच्या खिडकीतून कागद हातात पडला की बाकीचे लोक शेवटची ओळ बघायचे, घडी घालून खिशात टाकायचे आणि चहाला जायचे. हा तिथेच उभा राहायचा, खिडकी अडवून. वरून खाली, खालून वर. मागचे ओरडायचे, "अरे भिंग, सरक की बाजूला! कागद आहे तो, नवरीमुलगी नाही."

भिंग हे नाव त्याला कुणी दिलं ते कुणालाच आठवत नाही. पण फिट बसलं होतं. दुकानदाराने सुटे पैसे दिले तर जो नाण्याच्या दोन्ही बाजू बघतो, डॉक्टरने गोळी दिली तर वेष्टनावरची तारीख वाचतो, आणि कुणी नुसतं "बरं चाललंय ना?" विचारलं तरी "का? काय ऐकलंस तू?" म्हणतो, त्याला दुसरं काय म्हणणार?

त्या बुधवारच्या पट्टीवर शेवटच्या तोडणीचा हिशेब होता: ढोबळी मिरची, बावीस क्रेट. एक नंबर, नऊ. दोन नंबर, तेरा.

सलग चौथा महिना असाच. त्याची मिरची त्याने स्वतः बघितली होती. चार कोनांची, जड, तोंड दिसेल इतकी चकचकीत. तिच्यातले निम्म्याहून जास्त क्रेट दोन नंबरात? आणि दोन नंबरचा भाव म्हणजे एक नंबरच्या निम्मा.

कुठेतरी पाणी मुरत होतं.

खरं सांगायचं तर संस्था आल्यापासून त्याचं बरं झालं होतं, हे तोही कबूल करायचा, फक्त मोठ्याने नाही. आधी व्यापारी बांधावर यायचा, वरचे दोन क्रेट हलवून बघायचा, आणि तोंडाला येईल तो भाव सांगायचा. अर्ध्या एकरवाल्याने घासाघीस करायची तरी कशाच्या जोरावर? संध्याकाळपर्यंत माल गेला नाही तर मऊ पडायचा. मग चाळीस जणांनी मिळून संस्था काढली, शीतघर उभं केलं, शहरातल्या दुकानांशी थेट बोलणी केली. आठवड्याभरात जो माल विकला जाईल त्याची नंबरवार सरासरी काढायची आणि सगळ्यांना सारखा भाव. दोन वर्षांत भिंगाने घरावरचे गंजके पत्रे बदलले आणि विहिरीवर नवी मोटर बसवली.

पण सगळा खेळ त्या नंबरावर होता. आणि नंबर लावणारं होतं प्रतवारीचं टेबल.

त्या टेबलावरून त्याने एकदा राडा केला होता. गेल्या वर्षीची सभा. तेव्हा शेवटचा हात सचिवाच्या वहिनीचा होता. शेवटचा हात म्हणजे काय, तर टेबलावर पाच बायका. पहिल्या चौघी मिरची पुसतात, सडकी-मऊ बाजूला काढतात, पुढे सरकवतात. पाचवी बघते आणि ठरवते, उजवीकडे एक नंबर, डावीकडे दोन. भिंगाने सभेत उभं राहून सांगितलं होतं, "बाई चांगल्या असतील, माझं काही म्हणणं नाही. पण स्वतःच्या घरचा माल समोर आला की माणसाचा डोळा मऊ पडतो. पडतोच!" टाळ्या पडल्या. वहिनी रडत घरी गेली ती परत आलीच नाही.

तेव्हापासून टोकन सुरू झालं. गेटवर पावतीवाला क्रेटला आकडा चिकटवतो. आकड्याचा दुसरा तुकडा, शेतकऱ्याचं नाव लिहून, कुलूपबंद पेटीत टाकतो. टेबलाला फक्त आकडा दिसतो. प्रतवारी झाली की पेटी उघडायची आणि आकडा-नाव जुळवायचं. ही युक्तीही भिंगाचीच. त्याचा त्याला फार अभिमान होता.

आणि गंमत म्हणजे, वहिनीची जागा सहा महिन्यांनी मिळाली ती भिंगाच्याच बायकोला. तिची नजर पक्की होती. रोजची मजुरीही बरी होती.

"आज टेबलावर कुणाचा माल खराब आला?" पट्टी मिळाली त्या संध्याकाळी त्याने बायकोला विचारलं.

ती कपडे वाळत घालत होती. "अहो, मला काय माहीत? आकडा असतो नुसता."

"तेरा क्रेट दोन नंबर आलेत आपले."

तिने चादर झटकली. जरा जास्तच जोरात झटकली. "असेल काही. ऊन लागलं असेल."

"जाळीखाली ऊन लागतं?"

"मग तुम्हीच सांगा काय झालं ते. तुम्हाला सगळं माहीत असतं."

"पावतीवाला," तो म्हणाला. "पेटी उघडताना आकडे बदलतो. माझा एक नंबर कुणाच्या तरी नावावर जातो आणि त्याचा दोन नंबर माझ्या गळ्यात. त्या वहिनीचा राग काढतायत सगळे माझ्यावर."

"कुणाला एवढा वेळ आहे?"

"शनिवारी सभा आहे. व्यापारी परवा भेटला होता. म्हणाला, सगळा माल एका भावात उचलतो, नंबरबिंबर काही नाही, पैसे बांधावर. शनिवारी सभेच्या वेळी गाडी घेऊन येतो म्हणाला."

ती थांबली. संस्थेचा नियम तिलाही पाठ होता. एक क्रेट जरी बाहेर विकला तरी सभासदत्व गेलं, वर्षअखेरचा वाटा गेला, शीतघर बंद. परत घेत नाहीत.

"आणि पुढच्या वर्षी तोच व्यापारी निम्म्यावर आला तर?"

"चोरांत राहण्यापेक्षा बरं."

"अहो, नका हो असं काही करू," ती म्हणाली. एवढंच. पण आवाज असा होता की भिंगाच्या डोक्यात आणखी एक किडा वळवळला. हिला काय पडलंय एवढं? मजुरी जाईल म्हणून?

पुराव्याशिवाय सभेत उभं राहायचं नाही, हे त्याने ठरवून टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो शेजारच्या शिंप्याकडे गेला. शिंप्याची चारच वाफे मिरची होती, तोही सभासद होता.

"माझा निम्मा माल तुझ्या नावावर घाल," भिंग म्हणाला. "एकच झाडं, एकच सकाळ. तुझी पट्टी चांगली आली आणि माझी वाईट, तर पकडला पावतीवाल्याला."

"आणि पकडलं मला तर?"

"तुला कोण पकडतंय? तुझ्याकडे बघतं तरी कोण?"

"हे बरं आहे. मदतही मागायची आणि अपमानही करायचा." शिंपी मशीनवरून उठला नाही, पण हसला. "पैसे माझ्या पट्टीवर येतील, ते मी परत देईन याची काय खात्री?"

हा विचार भिंगाने रात्री तीनदा केला होता.

"दिसतंय तोंडावर," शिंपी म्हणाला. "देईन रे बाबा. कात्रीची शपथ."

आता बायकोला कळू द्यायचं नव्हतं. ती टेबलावर असते, तोंडातून निघून गेलं तर सगळं पाण्यात. एरवी तोडणी तीच करायची. उजाडलं की छोटा विळा घेऊन ओळीत शिरायची, डाव्या हातात मिरची धरायची, मनगट फिरवायची, खट्. आठपर्यंत सगळा माल क्रेटमध्ये. त्या दिवशी अकरा क्रेट भरल्यावर तो म्हणाला, "बस झालं आज. बाकीची उद्या काढू. तू जा, उशीर होईल."

ती गेल्यावर त्याने उरलेली मिरची स्वतः तोडली. विळा तिच्या हातचा, त्याला तो जमेना, दोन देठ उपटले गेले. मग शिंप्याची मोठी कात्री मागून आणली.

"अरे, कापडाची कात्री आहे ती!" शिंपी कळवळला. "मिरचीला लावलीस तर धार जाईल. उद्या कुणाचा पायजमा तिरका झाला तर तुझं नाव सांगेन."

दहा क्रेट निघाले. शिंप्याच्या हातगाडीवरून, शिंप्याच्या नावाने, वेगळ्या वेळेला गेटवर गेले.

घाई असल्याचं सांगून दोघांनी शुक्रवारीच पट्ट्या मागून घेतल्या. संस्थेच्या मागच्या भिंतीला टेकून भिंगाने दोन्ही उघडल्या.

त्याची स्वतःची: अकरापैकी एक नंबर चार, दोन नंबर सात.

शिंप्याची: दहापैकी एक नंबर नऊ, दोन नंबर एक.

"आयला!" शिंपी म्हणाला.

भिंगाला वाईट वाटायला हवं होतं, पण खरं तर आनंदच झाला. चार महिने लोक हसत होते. आता बघू कोण हसतं.

शनिवारी दुपारी तीनला सभा. प्रतवारीच्याच हॉलमध्ये, लोक उलट्या क्रेटवर बसलेले. टेबलाच्या बायका भिंतीशी उभ्या. त्यांच्यात त्याची बायको, हात पदराला पुसत. फाटकाबाहेर व्यापाऱ्याची गाडी सावलीला लागलेली, व्यापारी दाराला टेकून उभा, दात कोरत. ती गाडी सगळ्यांनी बघितली होती आणि ती कुणासाठी आलीय तेही सगळ्यांना माहीत होतं.

भिंग उठला. दोन्ही पट्ट्या वाचून दाखवल्या. मग सांगितलं, "दोन्ही माल माझाच. एका शेतातला, एका सकाळचा. माझं नाव लागलं की दोन नंबर, दुसऱ्याचं लागलं की एक नंबर. मी बोट दाखवत नाही. पेटीची किल्ली कुणाकडे असते ते सगळ्यांना माहीत आहे."

पावतीवाला ताडकन उभा राहिला. म्हातारा माणूस, शर्टाच्या खिशाला तीन पेनं. "मी आकडा लिहितो! तोंडं वाचत नाही मी! पेटी सचिवासमोर उघडतो. चेअरमन, एक तर हा तरी राहील नाही तर मी तरी."

"बसा, काका," चेअरमन म्हणाला. जाडजूड, सावकाश बोलणारा माणूस. बोलायच्या आधी चष्मा काढायचा आणि बोलून झाल्यावर घालायचा. चष्मा काढून तो म्हणाला, "दुसऱ्याच्या नावावर माल घालणं नियमात बसत नाही, ते नंतर बघू. आजचा तुझा माल आलाय?"

"आलाय. तशाच दोन वाटण्या. थप्पीत आहेत, अजून झाली नाही प्रतवारी."

"टोकनं काढा. सगळा माल टेबलावर ओता. एकत्र. ना आकडा, ना पेटी, ना काका. सगळ्यांसमोर होऊ दे प्रतवारी. पेटीत चोरी होत असेल तर आज सगळा माल सारखाच उतरेल. बघून घे."

"हेच म्हणतोय मी," भिंग म्हणाला.

क्रेट ओतले. हिरवा ढीग टेबलभर पसरला. पाच बायका आपापल्या जागी उभ्या राहिल्या. बायकोने एकदाच त्याच्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. तिचा चेहरा धुतलेल्या फडक्यासारखा झाला होता.

घाबरलीय, त्याला वाटलं. चाळीस लोक बघतायत म्हणून.

तो तिच्या समोर, टेबलाच्या पलीकडे उभा राहिला. पुसलेली मिरची पुढे यायला लागली. तिचा हात चालू झाला. उजवीकडे. उजवीकडे. डावीकडे. उजवीकडे. डावीकडे. डावीकडे. झपाझप. ती कामावर कशी दिसते हे त्याने कधी बघितलंच नव्हतं. हात कसा चालतो हिचा, असं मनात येऊन तो जरा सुखावलासुद्धा.

मग त्याला तिचा अंगठा दिसला.

मिरची हातात आली की अंगठा आधी देठावर जात होता. पुसटसा. मग नजर. देठ सपाट कापलेला असेल तर मिरची उजवीकडे, लगेच. देठ तिरका असेल तर हात थबकायचा. ती मिरची उजेडात फिरायची, एकदा, दोनदा, काहीतरी शोधल्यासारखी. बारकासा ठिपका सापडला की डावीकडे.

सपाट देठ कात्रीचे. तिरके देठ विळ्याचे. तिच्या स्वतःच्या विळ्याचे, तिच्या मनगटाच्या त्या झटक्याचे. चार वर्षं तो रोज सकाळी तो आवाज ऐकत आला होता. खट्.

एक मिरची आली. तिरका देठ, आणि बाकी अशी की दुकानात मधोमध मांडावी. तिने ती फिरवली. परत फिरवली. काहीच सापडेना. हात उजवीकडे निघाला, मध्येच थांबला. डावीकडे गेली मिरची.

तिने वर बघितलं. तो तिच्याकडेच बघत होता. तिला कळलं की त्याला कळलं.

"झालं?" चेअरमन म्हणाला. उजवीकडचे, डावीकडचे ढीग साफ दिसत होते. "काय रे भिंग, आज तर पेटी नव्हती. काय दिसलं?"

चाळीस माणसं त्याच्याकडे बघत होती. दिसलं होतं ना. असं दिसलं होतं की सांगितलं असतं तर सगळ्या हॉलने तोंडात बोटं घातली असती. डावीकडच्या ढिगातून मूठभर मिरच्या उचलायच्या, देठ वर करून दाखवायचे, बस. तो बरोबर होता. आयुष्यात पहिल्यांदा शंभर टक्के बरोबर होता.

आणि मग? मग ती भिंतीशी उभी राहील आणि लोक विचारतील, आपल्याच घरचा माल का पाडलास? आणि ती काय सांगेल ते त्याला ऐकू यायला लागलं. कारण ते त्याचंच वाक्य होतं. याच हॉलमध्ये म्हटलेलं. टाळ्या पडलेलं.

"कात्री," तो म्हणाला. "कात्रीचा फरक आहे. निम्मा माल विळ्यानं काढलाय, निम्मा कात्रीनं. विळ्यानं देठ चिरतो. चिरलेला देठ दोन नंबरात जायलाच पाहिजे. टेबलाचं बरोबर आहे. चूक माझ्याकडची."

हॉलमध्ये हशा पिकला. कुणीतरी ओरडलं, "भिंगाला काच बदलून द्या रे!"

पण टेबलाची सगळ्यात जुनी बाई, जिला सगळे मावशी म्हणायचे, ती हसली नाही. तिने डाव्या ढिगातली एक मिरची उचलली. देठ बघितला. नखाने दाबला. तो कुठेही चिरलेला नव्हता. ठणठणीत होता. मावशीने मिरची बघितली, मग शेजारी उभ्या असलेल्या त्याच्या बायकोला बघितलं, मग भिंगाला. बराच वेळ.

"हो," मावशी म्हणाली आणि मिरची जागेवर ठेवली. "जरासा चिरतो खरा."

पावतीवाल्याने माफी मागायला लावली. मागितली. तीनही पेनांसमोर हात जोडले. चेअरमनने दुसऱ्याच्या नावावर माल घातला म्हणून एक महिना शीतघराची झाडलोट लावली, त्याला आणि शिंप्यालाही. शिंप्याने त्याच्याकडे अशी नजर टाकली की पुढचा पायजमा नक्की तिरका होणार.

फाटकाबाहेर व्यापाऱ्याने दार उघडलं. "चला, मग? भरायचा माल?"

"नाही," भिंग म्हणाला.

"का? एवढी फजिती होऊनही?"

काय सांगणार? बाहेर पडायचं तर कारण सांगावं लागणार होतं. आणि जे कारण होतं ते त्याच्या बरोबर, चार पावलं मागे, खाली मान घालून चालत येत होतं.

घरी आल्यावर पाण्याचा तांब्या त्याच्यासमोर ठेवून ती उंबऱ्यावर बसली.

"चार महिने!" तो म्हणाला. "आपल्याच घरात चोरी!"

"चोरी नाही. शंकेचा माल तेवढा खाली टाकते. दुसऱ्यांचा शंकेचा माल वर जातो, आपला खाली."

"ती शेवटची शंकेची होती?"

"नाही. ती नव्हती. हात गेला. सवय लागलीय आता."

"पण का?"

"पहिल्या दिवशी टेबलावर उभी राहिले, तर सगळ्या हसल्या. मावशी म्हणाली, बघू आता भिंगाच्या घरचा डोळा किती मऊ पडतो." तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "त्या वहिनी अजून रस्त्यात कुणाशी बोलत नाहीत, माहीत आहे? मी तिच्या जागेवर उभी राहते. रोज. आकडा लावा नाही तर काळं फासा, माझ्या हातचा देठ मला कळणार नाही का? वर टाकला तर तुम्ही म्हणालात तसं होईल. म्हणून खाली."

"मला सांगायचंस."

"तुम्हाला?" ती पहिल्यांदा हसली. रडल्यासारखं हसली. "तुम्ही सभेत सांगितलं असतं."

त्याने तांब्या उचलला, रिकामा असल्यासारखा आत बघितला, परत ठेवला.

रविवारी सकाळी त्याने विळा पत्र्याखाली खोचून ठेवला आणि बाजारातून नवी कात्री आणली. आता तोडणी तो करणार, सगळी, कात्रीने. तिने मालाला हात लावायचा नाही. तिने "बरं" म्हटलं.

बुधवारी नव्या तोडणीची पट्टी आली. खिडकी अडवून तो उभा राहिला. बावीस क्रेट. एक नंबर, एकवीस. दोन नंबर, एक.

मागच्यांनी ढकलेपर्यंत तो हलला नाही. घरी आला, पट्टी उजेडात धरली, उलटी करून बघितली.

"काय झालं आता?" बायको म्हणाली.

"एकवीस."

"मग चांगलं आहे की."

"एवढा चांगला आहे आपला माल?" त्याने तिच्याकडे डोळे बारीक करून बघितलं. "तुला आता कात्रीचाही देठ ओळखू येतो. येतो ना? आता वर टाकतेस तू."

तिने भाकरीचं पीठ मळता मळता हात थांबवला. "सोमवारपासून मी पहिल्या जागेवर आहे. पुसायला. मीच मागून घेतलं. मजुरी थोडी कमी आहे, पण झोप लागते. शेवटचा हात मावशीचा आहे आता."

"मावशीनं टाकले एकवीस?"

"मावशीनं."

म्हणजे माल खरंच तसा होता. चार महिने तसाच होता. भिंग खाली बसला. पट्टीची नीट घडी घातली आणि खिशात ठेवली, बाकीचे लोक ठेवतात तशी. बायको परत पीठ मळायला लागली.

मग त्याने घडी परत उघडली.

"मावशीला आपल्याकडून काय पाहिजे असेल गं?"

बायको हसायला लागली. पिठाच्या हाताने तोंड झाकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत राहिली.